८१ टक्के कुणाचे? एकाच प्रश्नावर दोन सर्वेक्षणं विकत घेतली, त्याचा अनुभव

आमच्या वाचनालयाने यंदा एकाच प्रश्नावर दोन सर्वेक्षणं विकत घेतली. पहिलं ४५ हजार रुपयांना, दुसरं ८६ हजार २० रुपयांना. पहिल्याचा निकाल अकरा दिवसांत हातात आला आणि तो आम्ही कपाटात ठेवून दिला. दुसऱ्याला नऊ आठवडे लागले. त्याची प्रत मी अजून पिशवीत घेऊन फिरते, कारण बाजारात कुणी ना कुणी थांबवून विचारतंच. उद्या एखादी सोसायटी, पतसंस्था किंवा ग्रामपंचायत अशी सेवा घेऊ पाहील, तर तिचे पैसे तरी सत्कारणी लागावेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी ज्युनिअर कॉलेजात २९ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वाचनालयाची कार्यवाह आहे. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, तालुक्याचं ठिकाण. नगरपरिषद आहे, मतदार सुमारे २४ हजार. पाणी दिवसाआड येतं, तेही पहाटे पावणेपाचला. गेल्या वर्षी अशी चर्चा सुरू झाली की सगळ्या नळांना मीटर बसवायचे आणि चोवीस तास पाणी द्यायचं. कराडजवळच्या मलकापूरने हे करून दाखवलेलं असल्यामुळे कल्पना कुणाला परकी नव्हती. पण विचारायचं कुणाला? नगरपरिषदेची मुदत संपून तीन वर्षं होत आली होती. राज्यातल्या इतर कितीतरी ठिकाणांसारखाच आमच्याकडेही तेव्हा प्रशासक होता. वॉर्डात नगरसेवक नव्हता, सभागृहात सभा नव्हती. वाचनालयात संध्याकाळी पेपर वाचायला येणारे निम्मे म्हणायचे, "लोकांना मीटर हवेतच." उरलेले म्हणायचे, "लोक पेटून उठतील." दोन्ही बाजूंच्या तोंडी 'लोक' होते आणि लोकांना कुणीच विचारलेलं नव्हतं. मी समितीत म्हटलं, आपण विचारू. लोकवर्गणी काढू, पण नीट विचारू.

पहिली सेवा फोनवरची होती. एजन्सी मोठ्या शहरातली. त्यांचा माणूस लॅपटॉप घेऊन आला, निवडणुकीत केलेली कामं दाखवली आणि "तीन हजारांपेक्षा जास्त सॅम्पल देतो" असं सांगून गेला. समितीला आकडा आवडला. मलाही त्या क्षणी मोह झाला, हे खरं आहे. मग गावात फोन वाजायला लागले. ध्वनिमुद्रित बाईचा आवाज : "तुमच्या शहरात चोवीस तास शुद्ध पाणी मिळावं, यासाठी आधुनिक मीटर बसवावेत का? हो असेल तर १ दाबा, नाही असेल तर २ दाबा." आमच्या घरी यजमानांना हा फोन दोनदा आला आणि त्यांनी दोन्ही वेळा १ दाबला. पुण्यात नोकरीला असलेल्या पुतण्यालाही आला. त्याचं सिमकार्ड आमच्या गावात घेतलेलं आहे, तो गावात राहत नाही. त्यानेही १ दाबला. माझ्या जावेकडे साधा फोन आहे. तिला काही आलं नाही.

अकराव्या दिवशी सहा पानांची पीडीएफ आली. ३,११२ प्रतिसाद, ८१ टक्के होकार. मी चार गोष्टी विचारल्या. एकूण किती फोन लावले? नंबर कुठून घेतले? एकाच नंबरचं उत्तर दोनदा धरलं का? उत्तर देणाऱ्यांत बायका किती? चारही प्रश्नांना एकच उत्तर आलं : "मॅडम, सॅम्पल साइज बघा ना केवढा आहे."

मी वर्गात दर वर्षी जो धडा शिकवत होते, तोच माझ्यासमोर उभा होता. समितीच्या पुढच्या बैठकीत तो मी पुन्हा सांगितला. १९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २३ लाख परत आल्या. एवढा मोठा नमुना त्यापूर्वी कुणाच्या नशिबी नव्हता. साप्ताहिकाने जाहीर केलं, रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन पक्षाचे लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. लँडनला मिळाली फक्त मेन आणि व्हर्मॉन्ट. पत्ते टेलिफोनच्या डिरेक्टऱ्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि गाडी होती त्यांचे, हे कारण सगळे सांगतात. दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. मतपत्रिका मिळालेल्यांपैकी पाऊण लोकांनी उत्तरच पाठवलं नाही. ज्यांनी पाठवलं त्यांत रूझवेल्टवर चिडलेले जास्त होते. राग माणसाला पोस्टाच्या पेटीपर्यंत नेतो. त्याच वर्षी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी साधारण ५० हजार लोकांना विचारून रूझवेल्टचं नाव सांगितलं होतं. दोन वर्षांत, १९३८ मध्ये, ते साप्ताहिक बंद पडलं. पुढे १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गॅलपही चुकले. त्यांनी मतदानाच्या कितीतरी आधी विचारणं थांबवलं आणि तेवढ्या दिवसांत लोक ट्रूमनकडे वळले.

आमच्याकडेही अशीच पोस्टाची पेटी होती, फक्त ती फोनमध्ये होती.

समितीतले एक ज्येष्ठ सदस्य त्यावर म्हणाले, "बाई, मग नकोच हे सर्वेक्षण. एक जूनचं विसरलात का?" विसरणार कसं? २०२४ च्या लोकसभेला शेवटच्या टप्प्याचं मतदान १ जूनला संपलं. सगळं मतदान पूर्ण होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६-अ ने बंदी आहे. ती वेळ उलटताच वाहिन्यांवर आकडे झळकले. बहुतेकांनी एनडीएला ३५० च्या पुढे नेलं. ४ जूनला एनडीए २९३ वर थांबली, एकटा भाजप २४० वर. पुढे नोव्हेंबरात विधानसभेला बहुतेकांनी महायुती पुढे आहे हे बरोबर सांगितलं, पण भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१, अशा २३० पर्यंत त्यांचा अंदाज गेला नाही.

त्यांचा मुद्दा मला मान्य होता, निष्कर्ष नव्हता. लोकमत मोजणं आणि जागा सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या राज्यात त्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांमध्ये एक टक्क्याहूनही कमी फरक होता, आणि जागा पडल्या महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. सांगली अपक्षाकडे गेली. मतं अगदी अचूक मोजली असती, तरी जागांचं गणित डळमळणारच होतं. आमचा प्रश्न जागांचा नव्हता. नळाला मीटर लावायला किती घरं तयार आहेत, आणि कोणत्या अटीवर, एवढंच आम्हाला हवं होतं. ते मोजता येतं. मात्र त्यासाठी दारावर जावं लागतं.

दुसरी सेवा समाजकार्य शिकलेल्या काही तरुणांनी चालवलेली, छोटी. कार्यालय म्हणजे दोन खोल्या. दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेचा 'लोकनीती' हा गट जसं मतदार यादीतून नावं काढून त्या माणसाच्या घरी जाऊन विचारतो, तसं आम्ही करू, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. 'किती सॅम्पल' हा शब्द त्यांच्या तोंडून आधी आला नाही. आधी त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात कोण कधी घरी असतं?" तिथेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

निवड अशी केली. २४ हजारांतून ५०० नावं हवी होती, म्हणजे यादीतलं दर ४८ वं नाव. सुरुवात कुठून करायची यासाठी १ ते ४८ च्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात घातल्या आणि बालविभागात येणाऱ्या एका मुलीकडून एक उचलून घेतली. ३७ आला. मग ३७, ८५, १३३ असं पुढे. तो आकडा आम्ही पाच जणांबाहेर जाऊ दिला नाही. लहान गावात सुरुवातीचा आकडा फुटला की कोणत्या ५०० दारांवर आधी जाऊन बसायचं, हे पुढाऱ्यांना संध्याकाळपर्यंत कळतं.

नियम एकच होता, आणि तोच महागात पडतो : नाव निघालेल्या माणसालाच विचारायचं. नवरा नाही, सून नाही, शेजारी नाही. घरी नसेल तर पुन्हा जायचं, वेगळ्या वेळी. तीन फेऱ्या.

प्रशिक्षणाच्या दिवशी त्यांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं. मी डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याबद्दल बोलले. ते आमच्याच जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातल्या बुधचे, जन्म १९११ चा. नमुना पाहणीच्या शास्त्रात जगभर त्यांचं नाव घेतलं जातं, आणि आमच्या मुलांना ते माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. शेतकऱ्याला पीक कापणी प्रयोग ठाऊक असतो : शेतात आधी ठरवलेल्या जागी ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापून तोलायचं आणि त्यावरून उत्पन्न ठरवायचं. सुखात्मे यांनी दाखवून दिलं की चौकोन फार छोटा घेतला तर उत्पन्न फुगून येतं. कारण काय? कडेवरची रोपं. आत की बाहेर अशी शंका आली की मोजणाऱ्याचा हात नकळत ते रोप आत घेतो. छोट्या तुकड्यात कड जास्त आणि आतलं शेत कमी, म्हणून ती चूक मोठी होते. मोजणारा लबाड असावा लागत नाही.

मी मुलांना म्हटलं, पारावर बसलेले, टपरीवर उभे असलेले, दार उघडं ठेवून ओट्यावर पेपर वाचणारे, ही सगळी कडेची रोपं आहेत. ती हाताशी येतात. तुम्ही आत जा.

आणि ती गेली. मी दोन रविवार आणि एक बुधवार त्यांच्याबरोबर फिरले. एका घरी दार काकांनी उघडलं. सर्वेक्षकाचं काम करणारी मुलगी म्हणाली, काकूंशी बोलायचं आहे. "तिला काय कळतंय त्यातलं? विचार मला." मुलगी नम्रपणे म्हणाली, "काका, यादीत नाव काकूंचं निघालंय. तुम्हाला विचारलं तर मला परत पाठवतील." काकू आतून पदराला हात पुसत आल्या. काकांनी आधीच मीटरला ठाम नकार सुनावला होता. काकू म्हणाल्या, "मीटर बसवा. पहाटे उठून पिंप भरते ती मी. ह्यांना पाणी कधी येतं त्ये तरी ठावं हाय का?" उंबऱ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत दहा पावलांचं अंतर, आणि मत उलटं. फोनवरच्या सर्वेक्षणात त्या घरातून '२' गेला असता.

जवळपास प्रत्येक दारात पहिला प्रश्न एकच यायचा : "कुठल्या पक्षाचं हाय?" वाचनालयाचं पत्र दाखवून, माझं नाव सांगूनही काहींना खरं वाटलं नाही. नगरपरिषदेच्या कारभाराबद्दलच्या प्रश्नावर लोक अडखळत होते. त्यासाठी एजन्सीने चिठ्ठी आणि बंद डबा ठेवला होता. लिहून घडी घालून टाकायची, सर्वेक्षकाने बघायचं नाही. लोकनीतीवाले मत कुणाला दिलं हे विचारताना अशीच पेटी वापरतात. डबा बघितला की खांदे सैल व्हायचे, हे मी स्वतः पाहिलं.

आता तक्रारी. सहा सर्वेक्षकांपैकी एकाने काही फॉर्म चहाच्या गाड्यावर बसून भरले. एजन्सीचा पर्यवेक्षक दर दहाव्या माणसाला फोन करून खात्री करत होता. एका आजींनी सांगितलं, "आमच्याकडं कोण न्हाई आलं." त्यावरून त्याचे सगळे ५८ फॉर्म तपासले, त्यांतले नऊ खोटे निघाले, आणि एजन्सीने सगळे ५८ पुन्हा, स्वतःच्या खर्चाने केले. चूक पकडली आणि लपवली नाही, याचं श्रेय मी त्यांना देते. पण चुकीचं मूळही त्यांच्याच व्यवस्थेत होतं. मुलांना फॉर्ममागे ६० रुपये मिळत होते. तिसऱ्यांदा जाऊनही माणूस भेटला नाही, तर शून्य. उन्हातान्हात ओढ्यापलीकडे तिसरी फेरी मारणाऱ्याचं नुकसान आणि जागेवर बसून भरणाऱ्याचा फायदा, असा हा हिशोब होता. मी तो मध्येच बदलायला लावला, दिवसाची ठरावीक मजुरी. सर्वेक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने एजन्सीला आधी विचारायचा प्रश्न हा : तुम्ही दारावर जाणाऱ्या पोरांना पैसे कसे देता?

दुसरी तक्रार, अहवाल आधी इंग्रजीत आला. गावाचं मत, गावाचे पैसे, आणि अहवाल गावाला वाचता येऊ नये? मराठी करून घ्यायला आणखी दोन आठवडे गेले. काम एकूण तीन आठवडे उशिरा झालं.

तिसरी जास्त खोलवरची आहे आणि तिचा दोष एकट्या एजन्सीवर टाकता येत नाही. मतदार यादीतून नमुना काढला की जो यादीत नाही, तो गावातच नाही. एमआयडीसीत काम करणारी बिहार-उत्तर प्रदेशची मुलं, भाड्याने राहणारे विद्यार्थी, हंगामात कारखान्याजवळ खोपटी टाकून राहणारी बीडची ऊसतोड कुटुंबं, ही सगळी आमचंच पाणी पितात. उलट यादीत मयत माणसं होती, आणि लग्न होऊन दहा वर्षं झालेल्या मुलींची नावं माहेरच्या पत्त्यावर होती.

५०० नावांचा हिशोब असा लागला : ५२ मयत किंवा गाव सोडून गेलेले, २२ जणांनी बोलायला नकार दिला, ३५ तीन फेऱ्यांनंतरही भेटले नाहीत, ३९१ मुलाखती पूर्ण. मुलाखतीमागे २२० रुपये. हा हिशोब अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेला आहे. मला विचाराल तर अहवालाचं सगळ्यात मोलाचं पान तेच. ज्या सर्वेक्षणात नकार देणाऱ्यांचा आकडा सांगितलेला नसतो, त्याचं पुढचं पान मी उलटत नाही.

३९१ लोकांवरून २४ हजारांचं सांगताना साधारण ५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. ती चूक निम्म्यावर आणायची तर मुलाखती दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. म्हणून माझा सल्ला असा की पैसे जास्तीच्या मुलाखतींवर घालू नका, जास्तीच्या फेऱ्यांवर घाला. आमच्याकडे पहिल्या फेरीत भेटलेल्यांमध्ये होकार सर्वांत जास्त होता आणि तिसऱ्या फेरीत भेटलेल्यांमध्ये सर्वांत कमी. पहिल्या फेरीत पेन्शनवाले, दुकान घरातच असलेले, नोकरीतून निवृत्त झालेले. तिसऱ्या फेरीत शेतमजुरीला जाणाऱ्या बायका, शिफ्टवाले, हातगाडीवाले. पहिल्या रविवारी संध्याकाळी थांबलो असतो, तर आमचाही आकडा ८१ च्या आसपास गेला असता.

प्रश्नांबद्दल एजन्सीने मला न विचारता एक फार चांगली गोष्ट सुचवली होती. निम्म्या लोकांना एक प्रश्न, निम्म्यांना दुसरा. 'अ' फॉर्ममध्ये : चोवीस तास पाणी मिळण्यासाठी नळाला मीटर बसवावेत का? 'ब' फॉर्ममध्ये : मीटर बसल्यावर चोवीस तास पाणी मिळेल आणि वापराल तेवढ्या पाण्याचं बिल येईल, असे मीटर बसवावेत का? 'अ' वर १८७ पैकी १३१ जण हो म्हणाले, म्हणजे ७० टक्के. 'ब' वर १८१ पैकी ८७ जण, म्हणजे ४८. लोक कमी विचारल्यामुळे दोन्हीकडे चुकीला ७ टक्क्यांपर्यंत जागा आहे, तरी २२ चा फरक त्यात बुडत नाही. गाव तेच, आठवडे तेच, यादी तीच. एका वाक्याने बहुमत होतं, दुसऱ्याने नव्हतं. फोनवरच्या त्या आवाजाने 'शुद्ध' आणि 'आधुनिक' हे शब्द घातले होते आणि बिलाचं नाव काढलं नव्हतं. तो प्रश्न नव्हता, जाहिरात होती.

१८७ आणि १८१ मिळून ३६८ होतात. उरलेल्या २३ जणांबद्दल लिहायला हवं.

ओढ्यापलीकडच्या वस्तीत मी त्या बुधवारी गेले होते. सर्वेक्षक मुलीने प्रश्न वाचला. समोरची बाई तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोरी, आमच्यात नळच न्हाई. कोंडाळ्याला दोन तोट्या, त्यातली एक मोडल्याली. मीटर कशाला लावताय, तोटीला?" कोंडाळं म्हणजे सार्वजनिक नळाची जागा. फॉर्मवर या उत्तराला चौकोन नव्हता. मुलीने समासात तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. अशा घरात नळ नसलेले २३ लोक निघाले. अहवालाच्या पहिल्या मसुद्यात ते सगळे 'सांगता येत नाही' या रकान्यात जाऊन पडले होते. मी त्यावर तीन दिवस भांडले. त्यांना सांगता येत होतं, स्वच्छ सांगता येत होतं. विचारणाऱ्याने, म्हणजे समितीने आणि मीही, प्रश्न लिहिताना गावातल्या प्रत्येक घरात नळ आहे असं धरून चाललो होतो. आता त्यांची वेगळी ओळ आहे, आणि त्या बाईचं वाक्य अहवालात चौदाव्या पानावर तिच्याच बोलीत छापलेलं आहे.

मुख्याधिकाऱ्यांनी आम्हाला वीस मिनिटं दिली. त्यांनी आधी विचारलं, "थोडक्यात, हो की नाही?" मी म्हटलं, थोडक्यात सांगितलं तर चुकीचं सांगितल्यासारखं होईल, आणि दोन्ही प्रश्न वाचून दाखवले. त्यांनी चौदावं पान उघडून ठेवलं आणि पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला बोलावलं. मोडकी तोटी त्या आठवड्यात बदलली गेली. मीटरचा निर्णय अजून झालेला नाही.

वाचनालयाच्या सभागृहात अहवाल वाचून दाखवला तेव्हा साठ-सत्तर लोक आले होते. एक गृहस्थ उभे राहिले आणि तावातावाने म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही! मग हे गावाचं मत कसं?" मी चिठ्ठी, डबा, दर ४८ वं नाव, प्रत्येकाला सारखी संधी, सगळं समजावलं. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण त्यांचं म्हणणं मी घरी घेऊन आले. त्यांना अंदाजात मोजलं जायचं नव्हतं, त्यांना बोलायचं होतं.

आपल्याकडे दारूचं दुकान बंद करण्यासाठी जे मतदान होतं, ते मला यासाठी आठवतं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतात. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. आलेल्यांच्या नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या. घरी राहिलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूला धरली जाते. म्हणून कार्यकर्त्या बायका भल्या सकाळपासून गल्लीगल्लीत दारं वाजवत फिरतात, शेतात जाणारीला बांधावरून परत आणतात. हा नियम बायकांवर फार कडक आहे, असं माझं मत आहे. पण त्यात कुणाचीही अनुपस्थिती लपत नाही, आणि मतदानाच्या आधी महिनाभर गाव त्यावर बोलत असतं. सर्वेक्षणात ते बोलणं नसतं. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मनात त्या घटकेला जे असेल, तेवढंच आपण उचलून आणतो. आमच्या शेजारच्या सरांनी 'ब' फॉर्मवर नकार दिला होता. त्या सभेत मलकापूरला लेक दिलेल्या एका बाईंनी तिथला अनुभव सांगितला, तेव्हा सर म्हणाले, "आता विचारलं तर मी हो म्हणेन."

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितल्या. नगरपरिषदांच्या निवडणुका शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. निवडून आलेल्या प्रत्येक नगरसेवकाच्या हातात हा अहवाल द्यायचा आणि मीटरवर मत देण्याआधी तो वाचायला लावायचा, असं समितीने ठरवलं आहे. प्रती काढून ठेवल्या आहेत.

फोनच्या सेवेला मी पाचपैकी एकही गुण देणार नाही. घरोघरच्या सेवेला चार. एक गुण कापला तो फॉर्ममागे मजुरी आणि इंग्रजी अहवाल, दोन्हींचा मिळून. पुन्हा काम द्यायचं झालं तर यांनाच देईन. जे ३५ जण तीन फेऱ्यांत भेटले नाहीत, त्यांचे यादीतले भाग क्रमांक मी काढून पाहिले. १९ जण एकाच भागातले आहेत, एमआयडीसीच्या रस्त्याकडचे. तिथे रविवारीही शिफ्ट असते आणि माणसं रात्री साडेआठला घरी येतात. पुढच्या करारात त्या भागाची चौथी फेरी रात्री नऊला, दोन सर्वेक्षक बरोबर आणि जाण्यायेण्याला रिक्षा, असं मी आधीच लिहून ठेवलं आहे.